नाव नसलेले कप

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब निम्मा गोळीने उतरेल, उरलेला निम्मा तुम्ही लोकांवर ओरडणं थांबवलंत तर. मी म्हटलं, लोक ओरडण्यासारखं वागायचे थांबले तर मीही लगेच थांबेन. मग म्हणाल्या, ओरडावंसं वाटलं की लिहून काढत जा. म्हणून ही वही. जेवणाच्या सुट्टीत लिहायचं ठरवलंय. पहिल्याच दिवशी वही पुरेल की नाही अशी शंका येते आहे.

आज नव्या साहेबांनी बोलावलं. वयाने माझ्या भाच्याएवढे, आणि दर दोन वाक्यांनंतर 'चकाचक' म्हणतात. "मॅडम, आपला सगळा कोड तिजोरीतून काढून गिटमध्ये न्यायचा विचार आहे. पण घाई नाही. तुम्हीच दोन्हींची तुलना करा, महिनाभरात अहवाल द्या. अगदी निःपक्षपाती हं. चकाचक!" म्हणजे ज्याला सुळावर द्यायचं त्यालाच सूळ घासूनपुसून ठेवायला सांगायचं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी 'बरं' म्हणून बाहेर आले.

तिजोरी हे आम्ही पाडलेलं नाव. आमची कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिते. दार किती वेळ उघडं ठेवायचं, आधी कोणत्या मजल्यावर जायचं, वजन जास्त झालं तर काय करायचं. हा सगळा कोड आणि त्यात कोणी कधी काय बदललं याची नोंद जिथे राहते ती तिजोरी. ती स्टेशनरीच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चालते. मीच बसवली, मीच सांभाळते. गिट हे तेच काम करणारं, हल्ली सगळीकडे चालणारं सॉफ्टवेअर. तिचा नियम सरळ आहे. ज्याला फाईल बदलायची आहे त्याने तिला कुलूप घालायचं. कुलूप आहे तोवर इतरांनी ती नुसती वाचायची. फाईलच्या नावापुढे लाल कुलूप दिसतं आणि ज्याने घातलं त्याचं नाव. एका स्वयंपाकघरात दोन बायका आणि एका फाईलवर दोन माणसं, भांडी वाजणारच. म्हणून कुलूप.

दुसऱ्याने कुलूप घातलेली फाईल हवी असेल तर त्यासाठी कप. हा रिवाजही माझाच. कॉफीच्या मशीनशेजारचा कागदी कप घ्यायचा, तळावर आपलं नाव लिहायचं आणि कुलूपवाल्याच्या टेबलावर उपडा ठेवायचा. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो, कप डोळ्यांसमोर राहतो. एके काळी माझ्या टेबलावर कपांची रांग लागायची. हल्ली एकही नसतो, म्हणजे कोणाचं काही अडत नाही. हा मुद्दा अहवालात पहिला घेणार आहे. बिननावाचे कप मात्र कोणीतरी माझ्या टेबलावर सारखं विसरून जातं. मी ते सुलटे करून त्यांत टाचण्या आणि पेन्सिली ठेवते. फुकट कशाला घालवायचे?

तिजोरी गेली तर माझं काय, हे साहेब बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. या मजल्यावर माझी ओळख 'तिजोरीवाल्या मॅडम' एवढीच आहे. ती पुसली की मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारी एक चिडकी बाई उरते.

घरीही तेच. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. धाकटा भाऊ अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो. महिना झाला, फिरकलेला नाही. फोन केला की म्हणतो, "ताई, तू सांग ना, मी काय करू?" सांगत बसण्यापेक्षा करून मोकळं झालेलं परवडतं. एकदा ठेवून पाहिलं होतं त्याला दिवसभर. उशी भलतीकडे, आणि दुपारची गोळी सकाळीच देऊन बसला. तेव्हापासून गोळ्या माझ्या कपाटात. मी निघताना दिवसाच्या तेवढ्या काढून मावशींच्या हातात देते. मावशी म्हणजे दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या बाई. त्या मात्र गुणाच्या. परवा बघते तर बाबांची नखं कापलेली, तीही न सांगता. पोटच्या पोराला सुचत नाही ते परक्या बाईला सुचतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चष्मेवालीने गिट दाखवलं. ही मुलगी दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा कुलूप कसं काढायचं हेही मी शिकवलं होतं तिला. कानामागून आली आणि तिखट झाली.

पडद्यावर तिने दोन माणसं दाखवली. दोघांकडे सगळ्या कोडची आपापली पूर्ण प्रत, अगदी पहिल्या दिवसापासूनच्या बदलांसकट. दोघांनी एकच फाईल एकाच वेळी बदलली. मग यंत्राने दोघांचे बदल एकत्र केले. त्याला मर्ज म्हणतात. सगळे माना डोलवत होते.

मी विचारलं, "आणि दोघांनी एकच ओळ बदलली तर?"

"मग कॉन्फ्लिक्ट येतो, मॅडम. ते थांबतं आणि दोन्ही ओळी समोर ठेवतं."

"मग?"

"मग त्या दोघांनी बोलायचं. कुठली ठेवायची ते ठरवायचं."

"बोलायचं! इथे कोण बोलतं कोणाशी?"

चाचणीवाला, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर तपासणारा, त्याने चष्मेवालीकडे बघितलं आणि दोघंही खाली बघायला लागली. मला वाटतं माझा मुद्दा त्यांना पटला.

१० फेब्रुवारी, सोमवार

निःपक्षपाती म्हटलंय म्हणून लिहिते. सकाळी नेटवर्क बंद पडलं. तिजोरी उघडेना, सगळे हात चोळत बसले. चष्मेवाली तेवढी खाली मान घालून काम करत होती, कारण तिची प्रत तिच्याजवळ. एक गुण गिटला. दुसरं म्हणजे दार आणि वजन अशा दोन फाईलींत मिळून एक बदल केला, तर तिजोरीत त्याच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. पुढे कोणाला कळत नाही की ते एकच काम होतं. गिटमध्ये ती एकच नोंद राहते. हाही त्यांना.

पण दुपारी मजा झाली. पॅनेलची चित्रं आहेत ना, बटणं कुठे असावीत ती, त्यातलं एकच चित्र गिट वापरून पाहताना दोघांनी बदललं. गिटला चित्रं जोडता येईनात. एकाचं ठेवा नाहीतर दुसऱ्याचं, म्हणे. एकाची दिवसभराची मेहनत पाण्यात. मी मोठ्याने म्हटलं, "इथे कुलूप असतं तर?" मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोन गुण तिजोरीला दिले. खरं तर एकच द्यायला हवा होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असूनही चिडचिड. बाबांच्या खोलीतला बुद्धिबळाचा पट उचलायला गेले तर ओरडले, "हात लावू नकोस! डाव चालू आहे."

"कोणाशी?"

"माझा माझ्याशी. दोन्हीकडून मीच खेळतो."

काळ्याने वजीर फुकट घालवला होता. बाबा आयुष्यभर नकाशे काढायच्या कचेरीत काम केलेले, एक रेघ तिरकी चालायची नाही त्यांना. त्यांनी असा वजीर घालवावा? वय झालं. मला वाईट वाटलं आणि मग त्याचाच राग आला. धाकटाही लहानपणी असाच दर डावात वजीर घालवायचा.

त्याला फोन केला. "बाप म्हातारा होत चाललाय, तुला काही आहे का त्याचं?" तो म्हणाला, "ताई, तू दमतेस. रविवारी मी येऊ का?" मी म्हटलं, "येऊन बसणार, चार कपबश्या खरकट्या करणार. त्या मलाच विसळायच्या." नाही आला. बोलवलं तरी येत नाही असा माणूस.

२० फेब्रुवारी, गुरुवार

इस्पितळातून तक्रार आली आहे. तिथल्या मोठ्या लिफ्टचं दार स्ट्रेचर आत जायच्या आत मिटायला लागतं. ढकलणाऱ्या वॉर्डबॉयचं मनगट दार आणि दांड्याच्या मध्ये सापडलं. हाड मोडलं नाही, पण हात गळ्यात बांधलाय. सध्या ती लिफ्ट बंद ठेवली आहे, रुग्णांना लांबच्या लिफ्टने फिरवून नेतात.

ही चूक मी पंधरवड्यापूर्वी दुरुस्त केली! स्ट्रेचरच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेतून सेन्सरचा किरण आरपार जातो, त्यामुळे दाराला वाटतं वाट मोकळी आहे. मी दाराच्या फाईलमध्ये थांबायचा वेळ वाढवला, चाचणीवाल्याने आमच्या नमुन्याच्या लिफ्टवर पाहिलं, सगळं ठीक होतं. नवं सॉफ्टवेअर इस्पितळात बसवलंही. फाईलवर कुलूप माझं. कोणी तिला हात लावूच शकत नाही.

म्हणजे बसवणाऱ्यांनी घोळ घातला. तसं साहेबांना ठणकावून सांगितलं. बसवणारा गरीब माणूस, शपथेवर सांगत होता की दिलं तेच बसवलं. मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरून लिहिते आहे. भर दुपारी घरी आहे. का ते क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी चष्मेवाली माझ्या टेबलाशी आली. तुलनेसाठी तिने तिजोरीतला सगळा कोड गिटमध्ये नेला होता, आणि इस्पितळाच्या लिफ्टचं प्रकरण म्हणून त्यात दार मिटायचं गणित शोधलं. ते चार ठिकाणी सापडलं. एक माझी फाईल. आणि तिच्या तीन नकला, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या कप्प्यांत. 'दार_तात्पुरतं', 'दार_नवं', 'दार_खरं'. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये जातं ते 'दार_तात्पुरतं'. मी दुरुस्त केलं मूळ फाईलमध्ये, आमची नमुन्याची लिफ्टही मूळ फाईलवर चालते, म्हणून चाचणीत सगळं ठीक. तिकडे इस्पितळात जुनीच चूक दार आपटत होती.

मी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, हे पाप कोणाचं. डॉक्टरीणबाईंना कळू नये इतक्या मोठ्याने विचारलं.

चाचणीवाला म्हणाला, "सगळ्यांचंच, मॅडम. फाईल मिळत नव्हती."

"मिळत नव्हती म्हणजे? कप ठेवायचा!"

"ठेवले होते."

"माझ्या टेबलावर वर्षभरात नावाचा एक कप आलेला नाही."

"नाव लिहिलं की तुम्ही बोलावून पंधरा प्रश्न विचारता. कशाला हवी, काय करणार, आधी का नाही सुचलं. म्हणून आम्ही नाव लिहायचं सोडलं. वाटलं, कप दिसला की तुम्हाला कळेल." मग म्हणाला, "तुम्ही त्यात पेन्सिली ठेवल्या."

कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे. साहेब म्हणाले, "मॅडम, दाराच्या फाईलवर तुमचं कुलूप कधीपासून आहे?" मी म्हटलं, काम चालू आहे तोवर राहणारच. चष्मेवालीने हळूच सांगितलं, "गेल्या वर्षीपासून, मॅडम. तुमचे वडील पडले त्याच्या आदल्या आठवड्यापासून. तुम्ही रजेवर होतात आणि इस्पितळाचं काम आलं. तेव्हाच पहिली नक्कल झाली."

बाप इस्पितळात पडलेला असताना मी काय कुलपं काढत फिरू? आणि कुलूप मी मौजेखातर घालते का? ही पोरं फाईलीत घुसून वाट्टेल ते करतात, म्हणून राखून ठेवते. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. मी एवढं बोलले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. साहेबांनी 'चकाचक' न म्हणता घरी जायला सांगितलं, रिक्षाही बोलावून दिली.

घराचं दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज. बाबांच्या खोलीत धाकटा. पलंगावर वर्तमानपत्र पसरून बाबांची नखं कापत होता. बाजूला पट मांडलेला. मावशी खुर्चीवर बसून शेंगा सोलाव्यात तशा निवांत बोलत होत्या. मला बघून तिघंही चूप झाली, वर्गात बाई आल्यासारखी.

"हे कधीपासून?"

मावशी उठून स्वयंपाकघरात गेल्या. धाकटा म्हणाला, "आठवड्यातून दोनतीनदा येतो, ताई. जेवणाच्या सुट्टीत."

"चोरासारखा? माझ्या घरात?"

"मग काय करू? तुझ्यासमोर उशी लावली की तू ती काढून परत लावतेस. भाजी आणली की तू दुसरी आणतेस. तुझ्यासमोर मी असलो काय आणि नसलो काय!"

"ऑफिसातली माणसं निदान कप तरी ठेवायची!" मी ओरडले.

बाबांनी विचारलं, "कसले कप?"

आता त्या भरात मी त्यांना कपांचा सगळा रिवाज सांगितला. तळावर नाव, उपडा कप, पेन्सिली, सगळं. आणि बाबा हसायला लागले. खुबा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पडल्यापासून इतके हसले नव्हते, आणि हसले ते यावर. मग हसू ओसरलं आणि म्हणाले, "मीच त्याला सांगितलं दुपारी येत जा म्हणून. मला दोन मुलं आहेत. मी एकीच्याच हातचं का म्हणून जेवावं?"

एका दिवसात दोनदा. तिकडे माझ्या पाठीमागे, इकडेही माझ्या पाठीमागे. मी यांच्या वाटेत कधी आले होते, की यांनी मला वळसा घालून जावं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कोणाशी बोलले नाही. टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली खणात टाकल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्पितळाची लिफ्ट अजून बंद. चारही फाईलींची एक करायची आणि तीच सगळीकडे पाठवायची, हे ठरलं. करायचं कोणी? दाराचं गणित मला ठाऊक, मर्ज चष्मेवालीला ठाऊक. साहेबांनी आम्हाला एका मशीनपुढे बसवलं. एका स्वयंपाकघरात दोन बायका. मी खुर्ची जरा लांबच ठेवली होती.

तिने मर्ज सुरू केलं. बहुतेक ओळी आपोआप जुळल्या. मग थांबलं. वर माझी ओळ, खाली तिची. माझी ओळ थांबायचा वेळ वाढवणारी. तिची ओळ वेगळीच. लिफ्टमधलं वजन अजून बदलतंय तोवर दार मिटायचंच नाही. स्ट्रेचर अर्धं आत, अर्धं बाहेर असलं की वजन बदलत राहतं. किरण आरपार गेला तरी फसवणूक नाही.

"हे कधी लिहिलंस?"

"गेल्या पावसाळ्यात. दुसऱ्या नकलेत आहे. ती फक्त मालाच्या लिफ्टला जाते."

तिचं बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर होतं. भयंकर राग आला. हे जर मूळ फाईलमध्ये तेव्हाच असतं तर त्या वॉर्डबॉयचा हात गळ्यात नसता. मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?" तिने नुसतं पडद्यावर बोट ठेवलं. तिच्या त्या ओळीच्या वर टिपण होतं, आपण कोडमध्ये एकमेकांसाठी लिहून ठेवतो तसं: 'मॅडमची फाईल सुटली की तिच्यात घालणे.'

मी चष्मा पुसला. माझाही चष्मा आहे, पण मला कोणी चष्मेवाली म्हणत नाही.

तिची ओळ ठेवली. वेळ माझा ठेवला. मग पुढच्या थांब्यावर तिची चूक निघाली आणि मला जरा बरं वाटलं. सबंध दुपार आम्ही बोलत होतो. भांडत होतो म्हटलं तरी चालेल. उठताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही हे आधी कधी सांगितलं नव्हतं, दार असं का लिहिलंय ते." मी म्हटलं, "तू विचारलं नव्हतंस." पण विचारलं होतं तिने. कपाने.

४ मार्च, मंगळवार

इस्पितळाची लिफ्ट चालू झाली. आम्ही दोघी जाऊन स्वतः पाहिलं. रिकामं स्ट्रेचर मुद्दाम दारात अर्धं उभं करून ठेवलं. दार शहाण्यासारखं थांबलं. तो हात बांधलेला वॉर्डबॉय बघत उभा होता. मी त्याला सांगितलं की चूक आमची होती. तो म्हणाला, "बसवणाऱ्या भाऊंची नोकरी गेली नाही ना? तुमच्याकडच्या कोणीतरी बाई त्यांना फार बोलल्या म्हणे." मी म्हटलं, गेली नाही. परत आल्यावर बसवणाऱ्याला फोन केला. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी बाई मीच, हे त्याला सांगितलं.

अहवाल दिला. कोड गिटमध्ये न्यावा. चित्रांसाठी मात्र तिथेही कुलूप ठेवावं, तशी सोय आहे. कुलूप दोन दिवसांत आपोआप सुटावं अशी व्यवस्था करावी. गुणांचे रकाने काढूनच टाकले. साहेब वाचून म्हणाले, "फारच निःपक्षपाती, मॅडम." मी विचारलं, "तिजोरी गेल्यावर मी काय करायचं?" म्हणाले, "तुम्हीच सांगा." यांनाही धाकट्याचंच उत्तर सुचावं!

७ मार्च, शुक्रवार

सगळं हलवण्याआधी तिजोरीतली कुलपं काढावी लागतात. ज्याची त्याने. इतरांची सकाळीच काढून झाली. माझी यादी पडद्यावर मावेना. खाली, आणखी खाली, लाल लाल आणि पुढे माझं नाव. एकेक काढत बसले. काही फाईली कशासाठी अडवल्या होत्या ते मला आठवेना. एकीत तर मी एक रिकामी ओळ सोडून काही बदललंच नव्हतं. पण कुलूप होतं. राखत होते, एवढंच सांगता येईल. कशापासून राखत होते ते विचारू नये.

चष्मेवालीने कॉफी आणून दिली. सरळ ठेवलेल्या कपात.

९ मार्च, रविवार

धाकट्याला बोलावलं. समोरच्या दाराने, मी घरी असताना. आला, बाबांची दाढी केली, हनुवटीवर कापलं. मी दारात उभी होते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. उशी अशी लावली की बघवेना. कपबश्या चार नाही, सहा खरकट्या केल्या. तो गेल्यावर मी उशीपर्यंत गेले. बाबा म्हणाले, "राहू दे." राहू दिली. सबंध संध्याकाळ ती तिरकी उशी माझ्या डोळ्यांत खुपत होती.

१० मार्च, सोमवार

रजा घेतली आहे. सकाळी गोळ्या काढायला कपाटाकडे गेले तर कपाटासमोरच्या स्टुलावर कागदी कप. उपडा.

माझं डोकं सणकलं. धाकट्याचे उद्योग. काल जाताना ठेवून गेला असणार. आता याला गोळ्या हव्यात, ज्याला सकाळ-दुपार कळत नाही त्याला. मनात पंधरा प्रश्न तयार झाले. फोन हातात घेतला, नंबरही लावला, आणि कप उचलून तळ बघितला.

तळावर नाव होतं. धाकट्याचं नव्हतं. नकाशावर लिहितात तशी सुटी सुटी अक्षरं, काठ थरथरलेले, पण ओळ सरळ. बाबांचं नाव.

फोनवर धाकटा "ताई? ताई?" करत होता. मी म्हटलं, "काही नाही, चुकून लागला," आणि ठेवला. कपाटापासून बाबांचा पलंग काही पावलांवर आहे. वॉकर घेऊन, कप हातात धरून, ते कधी आले असतील? मी घरातच होते. मला हाक मारली नाही.

या गोळ्या त्यांच्या आहेत. कुठली कशासाठी, हे त्यांना माझ्या आधीपासून पाठ आहे. धाकट्याने चुकीच्या वेळी गोळी दिली त्या दिवशी मी डबी उचलली आणि कपाटात ठेवली. त्यांनी परत मागितली नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मी डबी नेऊन त्यांच्या शेजारच्या टेबलावर ठेवली. एकही प्रश्न विचारला नाही. ओठ दाताखाली धरावा लागला. बाबांनी डबी उघडली, चष्मा लावला, पाकिटं एकेक करून उजेडाकडे धरली. फार वेळ लावला. एक गोळी हातातून सुटली आणि घरंगळत पलंगाखाली गेली. मावशी उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. बाबांनी पाकिटातून दुसरी काढली.

मग पाणी मागितलं. तेवढं मी दिलं.